चावडीसमोरून चपला घालून

चावडी जवळ आली की हौसामावशी पायातल्या चपला काढायच्या, पदराखाली झाकून हातात धरायच्या आणि खाली मान घालून भराभर पुढं निघून जायच्या. चावडीसमोरचा पार ओलांडला की चपला पुन्हा पायात. गावातल्या सगळ्याच बायका असं करत. चावडीवर पुरुषमाणसं बसलेली असतात, त्यांच्यासमोरून बाईनं चपला वाजवत जाऊ नये, अशी आमच्याकडची रीत. पण हौसामावशी गावच्या सरपंच होत्या. ज्या चावडीसमोर त्या अनवाणी व्हायच्या, तिथंच आत त्यांची खुर्ची होती.

मी एकदा न राहवून विचारलं, "मावशी, तुम्ही कशाला काढता?"

"भ्या वाटतंय गं," त्या म्हणाल्या. "सरपंच झाले म्हून भ्या जातंय व्हय?"

गावाचं नाव सांगत नाही. राजुरीपासून फार लांब नाही, एवढं पुरे. या गोष्टीतली बरीच माणसं अजून हयात आहेत आणि मला अजूनही भीती वाटते.

मी मंचरच्या बाजारपेठेत वाढलेली, मारवाडी घरातली मुलगी. लग्न होऊन या गावातल्या किराणा दुकानात आले. सासऱ्यांना आम्ही भाईजी म्हणत असू. तीन पिढ्या गावात काढूनही ते स्वतःला पाहुणाच समजत. "आपण दुकानदार माणसं, गावाशी वाकडं नको," हे त्यांनी मला आल्याबरोबर सांगून ठेवलं होतं. दुपारी ते लवंडले की गल्ल्यावर मी बसायची. हौसामावशी त्याच वेळी चहापत्ती न्यायला यायच्या आणि पायरीवर टेकायच्या.

नव्वदच्या दशकात घटना बदलली आणि गावोगावी बायकांसाठी जागा राखून ठेवल्या गेल्या. आमच्याकडं सरपंचपद बाईला सुटलं, तेव्हा गावचे पुढारी तात्या यांनी आपल्या विधवा चुलत भावजयीला, म्हणजे हौसामावशींना, उभं केलं. का, तर बाई घाबरट. दाखवू तिथं सही करील. तात्यांचा अंदाज अर्धा बरोबर होता. मावशींना सगळ्याचीच भीती वाटे. विंचवाची, एसटीची, तहसील कचेरीतल्या शिपायाची. पण त्यांची एक खोड तात्यांच्या ध्यानात आली नव्हती. त्या भीती लपवायच्या नाहीत. ज्याची भीती वाटते त्याच्या तोंडावर सांगून मोकळ्या व्हायच्या. आणि एकटीनं कधी घाबरायच्या नाहीत, कुणाला तरी सोबत घ्यायच्या.

"सूनबाई, तुलाबी वाटतंय ना भ्या? मंग ये, बस हितं. दोघी मिळून भिऊ," असं म्हणून माझा हात हातात घ्यायच्या. त्यांचा हात गार असायचा, भर उन्हाळ्यात सुद्धा.

मग मंजुळाचं प्रकरण झालं. मंजुळा आणि तिचा नवरा तात्यांच्याच भावकीतले. त्यांच्या लेकीनं जातीबाहेर लग्न केलं. तात्यांनी भावकी बसवली आणि सारं घर वाळीत टाकलं. त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, गिरणीत त्यांचं दळण घ्यायचं नाही, विहिरीवर त्यांची घागर आली की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. दुकानांनाही निरोप आला. भाईजी निरोप्याला म्हणाले, "बरं," आणि आत येऊन बराच वेळ देवासमोर बसून राहिले. मंजुळा मीठ-मिरचीसाठी आळेफाट्यापर्यंत जाऊ लागली. परतताना दुकानासमोरून जायची, पण मान वर करायची नाही. ती गेल्यावर रस्ता फार शांत वाटे.

त्या शांततेचीच मला धास्ती बसली. आज मंजुळा, उद्या कोण? आम्ही तर भावकीतलेही नव्हतो.

 दोन-तीन दिवसांनी हौसामावशी पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेबास्नी इचारलं. घटनेत बसतंय का म्हनलं, मानसाला असं वाळीत टाकलेलं? न्हाई बसत म्हनले. मंग ग्रामसभेत घ्या म्हनलं हा इषय." भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक. त्यांनी विषय घेतला खरा, पण घाम पुसत पुसत.

तात्यांनी भांडण केलं नाही. फक्त सभेला कुणी जायचं नाही, एवढं सांगितलं. सभेच्या दिवशी चावडीत मावशी, भाऊसाहेब, मी आणि चार-दोन बायका. समोर पारावर सारा गाव बसून आमच्याकडं बघत होता. कुणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. नुसते बघत होते.  शेवटी भाऊसाहेबांनी सांगितलं, पुरेशी माणसं नाहीत, सभा तहकूब. पारावर हशा पिकला आणि माणसं घरोघर पांगली.

आता इथं आमच्या गावाची एक सवय सांगायला हवी. आमच्याकडं पहिली ग्रामसभा कधी भरायचीच नाही. ती तहकूब व्हायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावली जायची. तहकूब सभेला किती माणसं हवीत, अशी अट नसते. तेव्हा तात्या आणि त्यांचे तिघे-चौघे चहा पीत बसायचे आणि गावाचे सगळे ठराव करून टाकायचे. रस्ता, गटार, पाण्याची टाकी, सारं असंच झालेलं. गावानं सभेला न जाण्याची इतकी सवय लावून घेतली होती की या खेपेलाही कुणाच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. बायांची सभा मोडली, विषय संपला.

पुढच्या आठवड्यात कोतवालानं रीतसर दवंडी दिली. तात्यांनी ती ऐकलीही असेल. मावशींनी घरोघर जाऊन बायकांना एवढंच सांगितलं, "मला एकटीला तिथं बसायचं लई भ्या वाटतंय. नुसतं सोबतीला चला." या बोलावण्याला नाही कोण म्हणणार? धीर देते म्हणून आलेल्या बाईला आम्ही नाही म्हटलं असतं. घाबरलेल्या बाईला नाही म्हणवेना. मीही निघाले. भाईजींनी पाहिलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

भाऊसाहेब विषय वाचायला लागले आणि तात्या दारात येऊन उभे राहिले. एकटेच. कुणीतरी कळवलं असावं. आत आले नाहीत, चौकटीला हात लावून उभे राहिले. भाऊसाहेबांचं वाचन अडखळलं. शेजारची बाई माझ्या अंगावर रेलली.

हौसामावशी उठल्या. "तात्या, मला तुमचं लई भ्या वाटतं. लगीन करून आले तवापून वाटतंय. आत्ताबी वाटतंय, ह्ये बगा हात." त्यांनी खरंच हात पुढं केला. तो लटलट कापत होता. "पर गावात कुनी कुनाला वाळीत टाकायचं न्हाई, असं ज्यास्नी वाटतं त्यांनी हात वर करा." आणि तोच कापणारा हात त्यांनी वर नेला.

बायकांनी तोंडावर पदर ओढले आणि हात वर केले. तोंड झाकलं की ओळख लपते, असा आमचा भाबडा समज. गावात तर बांगड्यांवरूनही बाई ओळखू येते. तात्यांनी एकेका हाताकडं सावकाश पाहिलं. माझ्या हातापाशी थांबले. मग वळून निघून गेले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं. भाऊसाहेबांनी ठराव मंजूर म्हणून लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसामावशी मंजुळाला घेऊन दुकानात आल्या. भाईजींनी मीठ जोखलं. तागडी इतकी हलत होती की काटा ठरेना. मंजुळानं पुडा घेतला आणि तिथंच रडायला लागली. मावशी दिवसभर आमच्या पायरीवर बसून राहिल्या, जेवायलाही गेल्या नाहीत. "तुमचं काय करत्याल ह्याचं मला भ्या वाटतंय," म्हणाल्या.

आमचं कुणी काही केलं नाही. त्या आठवड्यात मावशींची कडब्याची गंजी जळाली. पोलिसपाटील म्हणाले, बिडीची ठिणगी पडली असेल. मावशींच्या घरात बिडी ओढणारं कुणी नव्हतं. पुढं सदस्यांनी अविश्वास ठराव आणला आणि त्यांना खाली उतरवलं. पण मंजुळाचं दळण गिरणीत येत राहिलं. ते पुन्हा बंद करायला कुणी आलं नाही.

मावशी पायउतार झाल्या त्या संध्याकाळी मी दुकानात होते. चावडीकडून फटक फटक असा आवाज आला. पाहते तर हौसामावशी चावडीसमोरून चपला घालून चालल्या होत्या. पारावरची बोलणी थांबली. त्या आमच्या पायरीवर येऊन धपकन बसल्या.

"भ्या गेलं वाटतं?" मी विचारलं.

"कुठलं गं! पाय कापत्यात, म्हून तर चप्पल एवढी वाजती." आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

पुढं काही वर्षांनी त्या गेल्या. साधा ताप, मग न्युमोनिया. जुन्नरच्या दवाखान्यात शेवटच्या भेटीत माझा हात धरून म्हणाल्या, "सूनबाई, भ्या वाटतंय. बस जरा." मी बसले. 

त्यांच्या दहाव्याला गेले होते. मंजुळा तिथं सकाळपासून राबत होती, तिला कुणी उठ म्हटलं नाही. परतताना आम्ही दोघी बरोबर निघालो. चावडी आली. पारावर माणसं होती, तात्याही होते, बरेच थकलेले. इतकी वर्षं झाली, तरी माझी पावलं मंदावली आणि मी चपला काढायला वाकले.

मंजुळानं माझा हात धरला. तिचा हात गार होता. माझाही असणार. आम्ही दोघी पारासमोरून चालत गेलो. चपला फार वाजत होत्या.