देव न मानणारीची शपथ

मी देव मानत नाही, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यावरून कुणी भांडत नाही. मला चष्मा आहे, तसं मला ते आहे, एवढंच.

नोकरी हिंगोलीला. रविवारी साखऱ्याजवळच्या आमच्या गावी भावाकडे जायचं. शेतातली विहीर सामायिक, निम्मी भावाची, निम्मी शेजारच्या काकांची. पाणी द्यायच्या पाळ्यांचा तक्ता मीच आखून मोटारीच्या पेटीत चिकटवला होता. खाली नियमही मीच लिहिला, दोघांना विचारून: पाळी चोरणाऱ्याच्या पुढच्या दोन पाळ्या जातील.

गेल्या उन्हाळ्यात विहीर इतकी उतरली, की चार दिवसांत एकाच पाळीपुरतं पाणी साचायचं. दोघांच्याही भुईमुगाला शेंगा धरणाऱ्या आऱ्या सुटत होत्या. त्या जमिनीत शिरायच्या तर माती ओली लागते. त्या रविवारी पाळी काकांची होती आणि काका दवाखान्यात गेले होते. भावानं माझ्यादेखत कॉक फिरवून पाणी आपल्या भुईमुगात घेतलं.

"अरे, आज काकांची पाळी आहे."

"बराबर. त्ये उद्या घेतील की."

त्या उद्याला विहिरीत चिखल होता.

बुधवारी त्याचा फोन आला, रजा टाकून ये म्हणून. सेनगावच्या स्टँडवर तो मोटारसायकल घेऊन उभा होता. वाटेत त्यानं सांगितलं. काकांनी आरोप केला होता, हा म्हणाला होता कॉक आपोआप ढिला झाला. आता खंडोबाच्या देवळात निवाडा होता. आमच्याकडे ताटातला भंडारा उचलून जे सांगितलं ते खरं धरतात. पुढे वाद नाही.

"तू त्या दिशी तिथंच होतीस. तू उचल," तो म्हणाला.

"मी काहून? कॉक तू फिरवलास."

"मी उचलला तर घराला लागंल, अक्का. लेकरं हायत मला. तुला काय लागतंय? तू मानतच न्हाईस. तुझ्या हातात ती नुसती हळद."

तो चेष्टा करत नव्हता. पाणी चोरणं त्याच्या मते लहानसं, खोटी शपथ मात्र घोर पाप. म्हणून ती पाप न चिकटणाऱ्या माणसाकडून घ्यायची. रबरी चप्पल घातलेल्याला वायर धरायला सांगावी, तसं. मला राग आला.

मागे बसून मी खोटं का बोलू नये याची कारणं मोजायला लागले. उघडकीला येईल? कुणी पाहिलेलं नव्हतं. काका आपले आहेत? भाऊ जास्त आपला. एकेक कारण खोडत गेले. काकांच्या घरी काकांचा भुईमूग जगणं चांगलं, आमच्या घरी आमचा. वरून बघणारा कुणी नसेल, तर कुठल्या घरातलं चांगलं खरं? पण कॉकवरचा त्याचा हात मला दिसतच राहिला. ते कारण नव्हतं. तरी खोडता येईना.

देवळात काका, पुजारी आणि गावातले पाचसहा जण बसले होते. मी ताटाला हात न लावताच म्हणाले, "कॉक यानंच फिरवला. मी पाहिलं."

"उचलून सांग, बाई," पुजारी म्हणाले.

"मी मानत नाही. पण खरं तेच सांगतेय."

कोपऱ्यातून एकजण हसला. "न मानणाऱ्याचं खरं अन् खोटं एकाच मोलाचं!"

भावानं तेवढ्यात संधी साधली. "व्हय, बराबर हाय. उचलल्याबिगर कसं धरायचं?"

काका माझ्याकडे बघत होते. म्हणजे खरं पटवायला मला तेवढं खोटं करावं लागणार होतं: मानते असं दाखवायचं. मी चिमूटभर भंडारा उचलला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. क्षणात निवाडा झाला.

काकांनी देवाला हात जोडले. "देवानंच बोलवलं हो पोरीच्या तोंडून."

मीच बोलले होते, हे सांगावंसं वाटलं. मी बोटांवरची हळद रुमालाला पुसली.

परत स्टँडवर सोडताना भावानं गाडी बंद केली नाही. "देवाला भिलीस व्हय?"

"नाही."

"मग काहून?"

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

"म्हाईत नसताना भावाचं पाणी घालवलंस," तो म्हणाला आणि गाडी वळवली.

पुढच्या दोन्ही पाळ्या काकांना गेल्या. आमचा भुईमूग निम्म्याहून जास्त करपला. वहिनीचा फोन आला. "अक्का, तुमाला झोप तरी येती का?"

येत नव्हती. पण खोटं बोलले असते तर आली असती, असंही मला म्हणवत नाही.