प्लगांचं हळदकुंकू

अर्धं अंगण सारवून झालं होतं. उरलेल्या अर्ध्यात गाडी उभी होती आणि तिचं बोनेट उघडून ग्यानीराम आत वाकला होता. तो हलल्याशिवाय गाडी हलणार नव्हती, म्हणून त्याच्या बायकोने, कुंताने, शेणाची बादली बाजूला सरकवली आणि हात धुतले.

मुर्रीचा ग्यानीराम रहांगडाले कोणतीही नवी वस्तू आली की आधी तिच्यासोबतचा कागद वाचायचा. पाण्याच्या मोटारीचा कागद त्याने दोनदा वाचला होता. मोटार तरीही उलटीच फिरली.

त्यांची मुलगी योगेश्वरी सातव्या महिन्यात होती. केशोरीहून तिच्या सासूचा, सुशीलाबाईंचा, निरोप आला होता : गुरुवारी दुपारपर्यंत गाडी घेऊन या, पोरीला बसने पाठवणार नाही, नाही आलात तर बाळंतपण इथंच होईल. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून कुंता रोज देवापुढे बसत होती. आज बुधवार. लगीनसराईत भाड्याची गाडी कुठे मिळेना आणि घरची झटके खात होती.

"अजी, हिरालाल मिस्त्रीले बलावत काऊन नाही?"

"तो बालाघाटले गेला, साळ्याच्या लग्नात. फोनवर सांगतलं त्यानं. प्लग बदला, बच्चों का खेल है म्हणते."

"त्याच्यासाठी खेळ. पोरगी आपली आहे."

हिरालालने सांगितलं होतं की इंजिन थंड होऊ द्या आणि एका वेळी एकच प्लग काढा, म्हणजे वायरी एकमेकींच्या जागी जाणार नाहीत. नवा प्लग आधी हातानेच फिरवा, मग पान्याने आवळा. ग्यानीरामने इंजिनात ठिणगी पाडणारे तीन नवे प्लग कागदासकट आणले होते आणि तो हे सगळं पाळणार होता. पण घरात आलेलं लोखंड हळदकुंकवाशिवाय वापरायचं नाही, हा कुंताचा नेम. विळा, पंखा, कुकर, सगळ्यांना लागलं होतं. तिने तिन्ही नवे प्लग पाटावर मांडले, उदबत्ती लावली आणि कुंकू पाण्यात कालवलं.

"कुठं लावू?"

ग्यानीरामने कागद पाहिला. "ठिणगी टोकाले पडते. टोकालेच लाव. चांगलं भरून लाव."

तिने भरून लावलं. त्याने सायकलच्या पंपाने प्लग बसतात त्या खाचांतली धूळ उडवली, एकेक जुना प्लग काढला, एकेक नवा बसवला. एकही वायर चुकली नाही. मग आत बसून चावी फिरवली. गाडी घरघरली आणि गप्प बसली. पुन्हा फिरवली. काल निदान झटके तरी खात होती.

"आता काय करून ठेवलं जी?"

"कागदात लिवलं तसंच केलं."

"कागदात कुंकू लिवलं होतं?"

ग्यानीराम पुन्हा बोनेटखाली वाकला. पहिला प्लग परत काढून त्याने उन्हात धरला. ठिणगी जिथून उडी मारणार, ती बारीक फट लाल चिखलाने गच्च भरली होती. त्याने तो कुंतापुढे केला. कुंताने पाहिलं, कपाळाला हात लावून देवाची माफी मागितली, आणि देव नाराज झालाच तर नाव कोणाचं घ्यायचं तेही सांगून टाकलं.

"टोकाले लाव कोण म्हटलं?"

"मीच म्हटलं. फडकं आण वो."

तिन्ही प्लग निघाले, पुसले, पेट्रोलने धुतले, वाळले, परत बसले. या वेळी चावी फिरवताच गाडी एका दमात सुरू झाली. कुंताने उरलेलं कुंकू बोनेटवर लावलं.

गुरुवारी ऊन चढायच्या आत गाडी केशोरीला सुशीलाबाईंच्या दारात उभी होती. त्यांनी बोनेटकडे पाहिलं.

"पूजा करून आणली वाटते, समधीजी?"

"हो जी. वरूनच."

सुशीलाबाई पोरीची पिशवी आणायला आत गेल्या. योगेश्वरी मागच्या सीटवर आडवी झाली. कुंताने तिच्या पाठीशी उशी दिली आणि नवऱ्याला सांगून ठेवलं की पोरीला घरी उतरवलं की लगेच गोंदियाच्या बाजारात जायचं आणि बाळंतिणीच्या लाडवांसाठी डिंक आणायचा.