पेंडसेकाकांचा दुसरा उगम

आमच्या भोपाळच्या पिपलानीतल्या मराठी मंडळात चार माणसं नुसती सतरंजी घालायला जमली तरी एक किस्सा होतो, आणि सतरंजी गुंडाळेपर्यंत त्याच्या दोन आवृत्त्या निघतात. एक पुरुषांची, एक बायकांची. बायकांची जास्त खरी, कारण पुढच्या रांगेत आम्ही बसतो.

मी मंडळाची सहचिटणीस. म्हणजे माइक आला का बघायचं, पाहुण्यांना नारळ द्यायचा आणि शेवटी आभार मानायचे. माहेर उज्जैनचं, त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी घुसते. पुण्याहून बदली होऊन आलेल्या मंडळींना ते खटकतं, पण हॉलची किल्ली माझ्याकडे असल्यामुळे कोणी बोलत नाही.

तर सध्या सगळ्यात जास्त किस्से साठलेत ते पेंडसेकाकांच्या लेक्चरचे. लेक्चर एकच, आणि त्याचा विषय म्हणजे एकच इंग्रजी शब्द: ‘सेट’.

काका इथल्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झाले. रिटायर झाल्यावर कोणी कुंड्या लावतं, कोणी शुगर मोजत बसतं. काकांनी जाडजूड इंग्रजी डिक्शनरी पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि एसवर येऊन अडकले.

“अगं, एवढासा शब्द,” मला म्हणाले, “आणि पानंच्या पानं भरलीत. टीव्हीचा सेट, डिनर सेट, घड्याळ सेट करणं, सिमेंट सेट होणं, सूर्यसुद्धा सेट होतो. दिवसभर आपल्या तोंडात असतो आणि आला कुठून याचा पत्ता नाही.”

मी म्हटलं, “काका, मंडळात बोला की यावर.”

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बरं वाटलं. आयुष्यभर त्यांनी टेबलाशी वाकून रेषा काढल्या. मीटिंगमध्ये त्या रेषांवर बोलायचे ते दुसरेच. एकदा आपण बोलावं आणि लोकांनी शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच त्यांची हौस होती.

*

इथे आमचा एक रिवाज सांगायला हवा. मंडळाच्या हॉलला किचन नाही. चहा समोरच्या शैलावहिनींच्या क्वार्टरमध्ये होतो आणि वहिनी स्वतः स्टीलची मोठी किटली घेऊन रस्ता ओलांडून येतात. किटली दारात आली की कार्यक्रम संपला. असं कोणी ठरवलेलं नाही, पण आहे. एकदा ग्वाल्हेरचे एक बुवा गायला आले होते. डोळे मिटून तान घेत वर गेले आणि किटली आली. डोळे उघडून बघतात तर समोर कोणी नाही, आणि शेजारी तबलजीच्या हातात कप.

काका पहिल्या दिवशी फार छान बोलले. म्हणाले, “या शब्दाचे उगम दोन. दोन वेगवेगळ्या गावांहून आलेली माणसं एकाच नावाची निघावीत, तसं झालंय. पहिला उगम जुन्या इंग्रजीतला. अर्थ काय? बसवणं. आता गंमत बघा. हाड सेट करतात, आपण हाड बसवतो. अंगठीत खडा सेट करतात, आपण बसवतो. इंग्रज जिथे सेट म्हणतो, तिथे मराठी माणूस काही ना काही बसवत असतो.”

लोक खूश. आमच्याकडे इतक्या माना हललेल्या मी पाहिल्या नव्हत्या. काकांनी पाणी प्यायलं, सावकाश चष्मा पुसला आणि म्हणाले, “आणि दुसरा उगम...”

किटली आली.

तेव्हापासून अख्ख्या पिपलानीला सेटचा पहिला उगम पाठ आहे आणि दुसरा कोणालाच माहीत नाही. मोबाइलवर बघता आला असता, पण काकांनी सगळ्यांना बजावलंय: “बघायचं नाही. मी सांगणार आहे.”

*

मग मी डोकं चालवलं आणि लेक्चर रविवारी सकाळी ठेवलं. चहा आपापल्या घरून पिऊन यायचा. किटलीचा प्रश्नच नाही.

काका पुन्हा पहिल्यापासून बोलले. हाड बसवलं, खडा बसवला, चष्मा पुसला. “आणि दुसरा उगम...”

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. समोर बसलेले बहुतेक सगळे रिटायर्ड. पण जन्मभर भोंग्यावर उठलेली माणसं ती, सगळा हॉल एकदम उभा राहिला. आमचे हे तर स्कूटर काढून थेट गेटपर्यंत पोचले. सिक्युरिटीवाल्याने विचारलं, “अंकल जी, किससे मिलना है?” तेव्हा यांना आठवलं की आपल्याला सेंडऑफ देऊन काही वर्षं झाली.

“किसी से नहीं,” हे म्हणाले, “ऐसे ही, राउंड पे निकला था.”

यांना हसणारे काका स्वतः काय करत होते? चपला घालून हॉलच्या दारात उभे होते आणि मला विचारत होते, “माझा डबा कुठे ठेवलास?”

*

गणपतीत त्यांना आरतीच्या आधी थोडा वेळ दिला. मी माइकवरून सांगून टाकलं की कोणी उठायचं नाही, प्रसाद आरतीनंतरच मिळेल. प्रसादासाठी आमचे लोक वाटेल तेवढं बसतात.

काकांना मूर्ती समोर असल्यामुळे आणखी स्फुरण चढलं. “आपण गणपतीसुद्धा बसवतो,” म्हणाले आणि जोरात एक टाळी वाजवली.

बस. मागे कोणीतरी झांज घेऊन तयारच होता. टाळी पडली, झांज वाजली, आणि एकदा झांज वाजली की मराठी माणसाला थांबवणारा कोणी अजून जन्माला यायचाय. एकामागून एक आरत्या सुरू झाल्या. मी काकांकडे बघते तर सगळ्यात वरच्या पट्टीत तेच. मधल्या आरतीची जी कडवी कोणालाच येत नाहीत, तीसुद्धा त्यांनी एकट्याने म्हटली.

घरी जाताना मात्र म्हणाले, “अगं, माझं राहिलंच की.”

*

माझ्या दाढेसाठी मी बाग सेवनियाच्या एका डेंटिस्टकडे जाते. एक दिवस गेले तर खुर्चीत पेंडसेकाका. कवळीचं माप द्यायला आलेले. तोंडात तो गुलाबी लगदा भरलेला आणि डॉक्टर सांगतोय, “अंकल, सेट होने दीजिए. बिल्कुल हिलना नहीं.”

काकांचे डोळे चमकले. मी दारातूनच म्हटलं, “डॉक्टरसाहेब, आपने गलत आदमी के सामने ये बोल दिया,” आणि थोडक्यात सगळी हकिकत सांगितली. डॉक्टर तरुण, चौकस. स्टूल ओढून काकांच्या समोर बसला आणि अगदी मनापासून म्हणाला, “अरे वा! तो अंकल, दूसरा कहाँ से आया?”

इतक्या दिवसांत काकांना हे विचारणारा तो पहिला माणूस. आणि काकांच्या तोंडात लगदा. त्यांनी हातवारे केले. एक बोट नाचवलं, मग त्याच्या मागे दुसरं बोट चालवलं, मग आणखी एक. डॉक्टर म्हणाला, “दर्द हो रहा है क्या?”

साचा निघाला तोवर डॉक्टरला फोन आला होता आणि तो बाहेर गेला. काका माझ्याकडे बघून म्हणाले, “किती हुशार मुलगा आहे.”

मला इतकं वाईट वाटलं की दाढेचं दुखणं विसरले. म्हटलं, “काका, मलाच सांगा ना इथे.”

तर म्हणतात कसे, “अशा दाढा दुखणाऱ्या माणसाला नाही सांगायचं ते. आधी बरी हो.”

*

नलिनीकाकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, मी एकदा विचारलं, “तुम्हाला तरी माहीत असेल दुसरा उगम?”

“मला?” काकू म्हणाल्या. “आमच्याकडे पहिल्या उगमालाच कुकरची शिट्टी होते.”

*

शेवटी मी शैलावहिनींकडे गेले. हात जोडून म्हटलं, “वहिनी, एकदाच चहा उशिरा आणा.”

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी किटलीच विकत मागितली. “आमच्या यांना ऍडमिट केलं होतं त्या दिवशीसुद्धा चहा वेळेवर आला होता,” म्हणाल्या. “आणि पेंडसे भाऊजींनी बोलणं आवरतं घेतलं तर काय बिघडेल?”

पण मन मोठं आहे त्यांचं. कुरकुरत का होईना, तयार झाल्या.

त्या दिवशी काकांनी नवा शर्ट घातला होता. हाड, खडा, गणपती, सगळं झालं. चहाची वेळ झाली आणि किटली आली नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, जमलं.

पण हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. माना दाराकडे वळायला लागल्या. आमचे हे कुजबुजले, “शैलावहिनी कधी चुकत नाहीत.” मागून कोणी म्हणालं, “सकाळी बीपी वाढलंय म्हणत होत्या.” आणखी कोणी म्हणालं, “घरी एकट्याच असतात दुपारच्या.” एका बाईंना तर रडूच फुटलं. मी माइकवरून ओरडतेय, “अहो, मीच सांगितलंय त्यांना!” पण माइकवाल्या पप्पूभाईचा माइक नेमका तेव्हाच बंद पडला. अख्खा हॉल उठून रस्ता ओलांडून वहिनींच्या दाराशी. बेल, कडी, खिडकी, सगळं एकदम वाजायला लागलं.

वहिनींनी दार उघडलं. हातात आलं किसायची किसणी.

“काय झालं?” म्हणाल्या. “कोण गेलं?”

सगळ्यांत पुढे पेंडसेकाका होते, धापा टाकत. “तुम्ही ठीक आहात ना वहिनी?” एवढंच म्हणाले. मग तिथेच अंगणात उभ्याने चहा झाला.

कप परत देताना काका मला म्हणाले, “बास आता. लोकांना का उगीच त्रास द्यायचा? माझा शब्द मी माझ्याकडे ठेवतो.” हसून म्हणाले, पण मला काही ते हसणं सहन झालं नाही. आणि थोड्याच दिवसांत कळलं की काका-काकू भोपाळ सोडताहेत, पुण्याला मुलाकडे, कायमचे. लेक्चर राहिलं ते राहिलंच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. काकांनीसुद्धा.

*

ते जायच्या आधीच्या आठवड्यात मंडळातल्या दिघ्यांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. कोलार रोडला, सातव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये आम्ही पाच जण: काका, काकू, शैलावहिनी, आमचे हे आणि मी. चौथा मजला गेला, धक्का बसला, पंखा बंद आणि लिफ्ट अधांतरी.

खालून गार्ड ओरडला, “अंकल जी, घबराओ मत, लिफ्टवाला आ रिया है!”

हे नेहमीप्रमाणे सगळी बटणं दाबायला लागले. शैलावहिनींची अवस्था तर बघवेना. एरवी कोणाला न जुमानणारी बाई, दांडा घट्ट धरून भिंतीला चिकटली होती. ओठ पांढरे पडले होते.

काकू म्हणाल्या, “अहो, काहीतरी बोला तिच्याशी.”

“मी काय बोलू?” काका म्हणाले.

तेव्हा डोळे मिटलेल्या वहिनींच्या तोंडून बारीक आवाज आला, “ते सेटचं सांगा.”

“आत्ता? नको वहिनी. कुठे काय...”

“सांगा म्हणते ना भाऊजी.”

काकांनी घसा खाकरला. पहिल्यापासून सुरुवात केली. हळू, समजावून, जणू समोर भरलेला हॉल आहे. हाड बसवलं तेव्हा वहिनींनी डोळे उघडले. खडा बसवला तेव्हा दांड्यावरची पकड सैल झाली. गणपतीपाशी तर चक्क म्हणाल्या, “हे मी कधी ऐकलंच नव्हतं. मी तेव्हा चहा गाळत असते.”

काकांनी चष्मा पुसला. “आणि दुसरा उगम...”

धक्का बसला, पंखा फिरला, लिफ्ट सरळ वर गेली. सातव्या मजल्यावर दार उघडलं. समोर दिघे, हातात ट्रे, त्यात वाफाळता चहा. “या या! किती वेळ वाट बघतोय, गार होईल.”

काकांनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि सवयीने म्हणाले, “चला.”

शैलावहिनींनी हात लांब केला आणि खालचं बटण दाबलं. दिघ्यांच्या तोंडावर दार बंद झालं.

“हं,” म्हणाल्या. “दुसरा.”

लिफ्ट खाली निघाली. काकांनी चष्मा पुन्हा काढला आणि सांगायला लागले. दुसरा उगम लॅटिनमधला, फ्रेंचांच्या हातून इंग्रजीत आलेला. मूळ अर्थ मागोमाग जाणं. कोणाच्या तरी मागून एकत्र चालणारी माणसं, त्यांचा तो सेट. मग एका जातीच्या वस्तूंचा गट. डिनर सेट तिथून, कवळीचा सेट तिथून. एक शब्द माणसाला बसवणारा आणि दुसरा मागून चालवणारा, आणि दिसायला दोघं हुबेहूब एक. “बस,” काका म्हणाले. “एवढंच होतं.”

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

तळमजल्यावर दार उघडलं. गार्ड आणि लिफ्टवाला दोघं उभे. “मैडम, जल्दी बाहर आ जाओ, इसका भरोसा नहीं है, फिर अटक जाएगी!”

हे बाहेर पडायला निघाले. वहिनींनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं.

“प्रश्नोत्तरं राहिलीत,” त्या म्हणाल्या आणि सात नंबर दाबला.