शेजारच्या सीटवरचा ब्रेक

ब्रेकबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं लोक म्हणायचे. साफ खोटं. कारण लागायचंच, ते त्यांना इतरांच्या चार सेकंद आधी दिसायचं, एवढंच. सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून काढली होती त्यांनी. त्या गाड्यांमध्ये शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा क्लच आणि ब्रेक बसवलेला असतो. समोर कुत्रं आलंय हे शिकणाऱ्याच्या डोक्यात शिरेपर्यंत बाईंनी ब्रेक दाबलेला असायचा आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धारही उरकलेला असायचा. नाव विद्यार्थ्यांनीच ठेवलं होतं. बाईंना ते माहीत होतं आणि त्याचाही राग होता.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या, पण पाय काही निवृत्त झाला नाही. बसमध्ये, सोफ्यावर टीव्ही बघताना, तो आपला पुढे जाऊन जमीन दाबायचा.

सगळ्यात जास्त दाबला तो लेकीच्या बाबतीत. लेकीने नर्सिंगला जायचं ठरवलं, बाई आडव्या. लग्न ठरवलं, बाई आडव्या. गाडी शिकायची वेळ आली तेव्हा लेक सरळ दुसऱ्या स्कूलमध्ये गेली. अख्ख्या गावाला शिकवणाऱ्या बाईची पोरगी परक्याकडे गाडी शिकते, ही नाचक्की बाई अजून विसरल्या नव्हत्या. "तू माझ्याआधी ब्रेक मारतेस, आई," लेक तेव्हा म्हणाली होती. "मग मला तो मारता येतो की नाही, हे मला कळणार कधी?" त्यावर बाई आणखीच चिडल्या होत्या.

आता लेकीची बदली टेकडीपलीकडच्या हॉस्पिटलात झाली होती. रोज तो उतार उतरायचा, सोबत अडीच वर्षांची नात, कारण पाळणाघरही तिकडेच. लहानशी हॅचबॅक हवी होती. नवी झेपत नव्हती, म्हणून जुनी. चार ठिकाणच्या चार गाड्या बाईंनी आरडाओरडा करून उडवून लावल्या होत्या. एकीचे टायर, एकीचा आवाज, एकीचा रंग आणि एकीच्या विकणाऱ्याचं थोबाड. पाचव्या ठिकाणी निघताना लेकीने दारातच बजावलं, "आज एक शब्द बोलायचा नाहीस. बोललीस तर यापुढे मी एकटी जाईन आणि जी मिळेल ती घेऊन येईन."

बाईंनी तोंडाला कुलूप घातलं.

गाडी लालभडक होती, आरशासारखी चमकणारी. दाखवणारा माणूस टाय लावून आला होता. "सिंगल ओनर आहे मॅडम. एका डॉक्टरबाईंची. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, बस्स. मावशी, तुम्ही आत बसा ना, एसी लावतो."

मावशी म्हणे! बाईंनी दात आवळले.

लेक मात्र हरखून गेली. नातीची छोटी खुर्ची तिने घरून आणली होती. ती मागच्या सीटवर खटकन बसली. "अगदी मापाची आहे गं," लेक म्हणाली. बदलीचं पत्र आल्यापासून तिचा चेहरा असा उजळला नव्हता. बाईंना त्याचाही राग आला. इतक्या लवकर खूश होतं का कोणी, आणि तेही विकणाऱ्यासमोर?

गाडी चालवून बघायला निघाले. लेक स्टिअरिंगवर, टायवाला मागे नातीच्या रिकाम्या खुर्चीला खेटून, बाई शेजारच्या सीटवर. फाटकातून बाहेर पडताच एक सायकलवाला आडवा आला आणि बाईंचा पाय सवयीने पुढे गेला. टाच मॅटखालच्या खळग्यात बसली. अशी नेमकी बसली, की बाई दचकल्या. त्यांनी चवड्याने चाचपून पाहिलं. मॅटखाली दोन टेंगळं होती, रबरी बुचांची. जादा पेडलं काढली की पत्र्याला भोकं राहतात, ती अशीच बुजवतात.

बाईंनी समोरचा कप्पा उघडला. आत कोपऱ्यात निळा डाग होता. त्यांचंच पेन फुटलं होतं तिथे, ही गाडी स्कूलमध्ये आल्याच्या तिसऱ्या वर्षी.

तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. बाईंची खरोखरच तळपायातून निघाली होती. नऊ वर्षं त्यांनी या गाडीत काढली होती. तेव्हा ती पांढरी होती. हजारभर शिकाऊंनी तिचे गियर ओरबाडले होते. गेल्या वर्षी स्कूलच्या मालकाने ती काढायचं ठरवलं, तेव्हा बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागितलं होतं: मला द्या ही. "बाई, उतारावर हिचा दुसरा गियर सुटतो, तुम्हालाच ठाऊक. मी कोणाच्या जिवाशी खेळू? भंगारातच घालतो," असं म्हणत मालकाने गाडीच्या टपावरून मायेने हात फिरवला होता. बाईंना त्याच्याविषयी आदर वाटला होता. आता सगळ्यात जास्त संताप आला तो त्या आदराचा. एवढ्या माणसांवर आपण उगाच ओरडलो आणि नेमका ज्याच्यावर ओरडायला हवं होतं, त्याला नमस्कार करून आलो!

पण चार गाड्यांच्या वेळी इतकं बोलून ठेवलं होतं, की पाचव्या वेळच्या खऱ्या बोलण्याला किंमतच उरली नव्हती. लेक म्हणाली असती, झालं सुरू. आणि इरेला पेटून हीच घेतली असती. मग रोज तो उतार, आणि मागे नात.

सांगून भागणार नव्हतं. गाडीलाच बोलायला लावायला हवं होतं.

"पाण्याच्या टाकीकडे घे," बाई म्हणाल्या.

"आई, आपलं काय ठरलंय?"

"तिथला उतार रिकामा असतो. दुसरा गियर टाक, अ‍ॅक्सिलरेटर सोड आणि गियरवरचा हात काढ."

आवाज चढलेला नव्हता. हा आवाज फक्त बाईंच्या विद्यार्थ्यांनी ऐकला होता, तोही परीक्षेच्या आदल्या दिवशी. लेकीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी वळवली.

"मॅडम, त्याची काही गरज नाही, डॉक्टरबाई तर..." मागून टायवाला म्हणाला.

"थांबा हो जरा," लेक म्हणाली.

उतार सुरू झाला. काही झालं नाही. अर्धा उतार संपला, तरी नाही. दुरुस्त करून घेतलाय की काय मेल्यांनी, असं बाईंना वाटलं, आणि तेवढ्यात खाडकन गियर सुटला. गाडी मोकळी झाली आणि उताराने धावत सुटली. खालची टाकीची भिंत भराभर मोठी होऊ लागली. बाईंनी होता नव्हता तेवढा जोर लावून पाय दाबला. मॅट सरकली, बूच निखळून खाली पडलं.

गाडी थांबली. झटका नाही, किंचाळणं नाही. भिंत अजून चांगली दूर होती.

बाईंचा पाय अजून दाबलेलाच होता. त्याखाली भोक होतं आणि भोकातून रस्ता दिसत होता. गाडी त्यांनी थांबवली नव्हती.

लेकीने हँडब्रेक ओढला. तिचीही नजर त्या भोकावर गेली. "तुझी ती पांढरी?" तिने हळूच विचारलं. बाईंनी मान डोलावली.

मग लेक मागे वळली.

"कुठली डॉक्टरबाई? नाव सांगा! पत्ता सांगा! तुम्ही बसलाय ना, त्याच सीटवर माझं पोर बसणार होतं, कळतंय का? रोज! या असल्या उतारावरून!"

"मॅडम, आम्हालाही असंच सांगितलं होतं..."

"कोणी? त्याचंही नाव सांगा. रंग कोणी दिला? मॅट कोणी टाकली? बुचं काय पावसाने बसवली? लाज कशी वाटली नाही हो, एसी लावतो म्हणताना?"

टाकीचा पहारेकरी बाहेर येऊन बघू लागला. लेक थांबत नव्हती. टायवाल्याच्या पिढ्या एकामागून एक निघत होत्या, आणि एकही सुटत नव्हती. बाई ऐकत बसल्या. शेवटी टायवाल्याने काकुळतीने त्यांच्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही तरी समजवा ना त्यांना."

"मला बोलायची बंदी आहे," ब्रेकबाई म्हणाल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घालून बसल्या.