कोपरात धरलेलं हाड

तळोद्यात माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. मागच्या उन्हाळ्यात सातपुड्यातल्या एका पाड्यावरून तरुण नवराबायको आली. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असताना बाई ट्रॉलीवरून पडली आणि तिचं उजवं कोपर निखळलं. तिथल्या दवाखान्यात ते बसवून प्लास्टर घातलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात आखडलेला होता. घरी परतल्यावर ती पाड्याखालच्या गावातल्या एका माणसाकडे गेली. कधीकाळी तो कुठल्याशा दवाखान्यात मदतनीस होता. शिक्षण नाही, नोंदणी नाही; दारावर मात्र 'फिजिओथेरपिस्ट' अशी पाटी.

"त्यानी रोज ओढी ओढी चोळा," नवरा बाजारातल्या अहिराणीत म्हणाला. "ती रडे, तरी चोळा."

कोपराच्या पुढच्या बाजूला दगडासारखी गाठ लागली. एक्स-रेमध्ये दिसलं, स्नायूतच हाड धरलं होतं. दुखावलेलं कोपर जोरजोरात चोळलं की असं होतं. त्या हाताने तिला घासही तोंडापर्यंत नेता येत नव्हता.

"हात वाकी ना, बाई?" नवऱ्याने मला विचारलं.

खोटं सांगवेना. ते हाड पक्कं होईपर्यंत थांबायचं, मग नंदुरबारला ऑपरेशन. तरी हात पूर्वीसारखा होईलच असं नाही. त्याने तिला पावरीत, त्यांच्या बोलीत, सांगितलं.

"त्याच्याविरुद्ध तक्रार द्या," मी म्हटलं.

ती हळूच काहीतरी बोलली. नवरा म्हणाला, "नही म्हणस. त्यानी तिले तिनी बोलीमा इचारं, कथं दुखस म्हणून. दवाखानामा कोणीच नही इचारं."

शेवटी तक्रार मीच दिली. चौकशी झाली, पाटी उतरली. ते बरोबरच झालं, आजही मला तसंच वाटतं. पण त्या गावात त्याच्या जागी दुसरं कुणी आलं नाही. दर गुरुवारी मी तिथल्या अंगणवाडीत जाऊन बसू लागले. दोनचार म्हातारी माणसं यायची, दाराशी थांबून परत जायची. पुढे घाटातला रस्ता खचला आणि माझं जाणंही थांबलं.

दिवाळीनंतर ती दोघं जीपस्टँडवर दिसली. पुन्हा तोडीला निघाली होती.

"आणि ऑपरेशन?"

"उनूत की करसूत," तो म्हणाला. म्हणजे परत आल्यावर.

"ही काय करणार तिथे?"

"मी तोडसू," तो म्हणाला. "ती संगे ऱ्हाई."

ती जीपमध्ये खिडकीशी बसली होती. ताठ हात मांडीवर आडवा. माझ्याकडे बघून ती हसली, आणि मला तिची बोली येत नव्हती.