शेपटीला बांधलेलं लिंबू

वडिलांचं हृदय थकलंय, आता त्यांच्या मनासारखं होऊ द्या, असं जालन्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. परतूरला परत येताना गाडीत मी अण्णांना सहज विचारल्यासारखं विचारलं, तुम्हाला काही पाहिजे का. मला वाटलं काशीचं नाव काढतील, नाहीतर जुन्या एखाद्या दोस्ताचं. ते बाहेरच्या कपाशीकडे बघत म्हणाले, आपल्या रानात एकदा लढाऊ विमान आलेलं बघायचंय.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे ऐकून माणसं हसली असती. अण्णा तरुणपणी हवाई दलात फिटर होते. नट आवळायचे, चाकांपुढचे ठोकळे काढायचे आणि विमान वैमानिकाच्या हवाली करायचं. स्वतः एकदाही उडाले नाहीत. नोकरी संपल्यावर परतूरजवळच्या आष्टीची शेती बघायला आले ते इथलेच झाले. विमानाचा नाद मात्र माझ्यात उतरला. मी कचेरीत कारकुनी करतो आणि सुट्टीच्या दिवशी रानात रिमोटचं फोमचं विमान उडवतो. तेव्हा मला शिकून एकच हंगाम झाला होता. माझं विमान धडाच्या वर पंख असलेलं, संथ, हात ढिला सोडला तरी आपसूक सरळ होणारं. कचेरीत सगळे विचारायचे, साहेब, यंदा पतंगाला किती मांजा लागला?

त्या दिवसापासून मी रिमोटवरच्या लढाऊ विमानाच्या मागे लागलो. माझं मन दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरवर बसलं होतं. काय त्याचे पंख, काय त्याचा डौल! पण जाणकारांना फोन केले तर सगळ्यांचं एकच म्हणणं, त्याची चाकं फार जवळजवळ असतात, नवख्याच्या हातून ते उतरताना हमखास कलंडतं. अण्णांनी ज्याच्यावर उमेदीची वर्षं घालवली ते पिवळं हार्वर्ड खऱ्या आकारात शिकाऊ वैमानिकांचंच विमान, म्हणून मी त्याची चौकशी केली. तिथेही तेच. लहान आकारात ते फार खोडसाळ होतं. वळताना वेग जरा कमी पडला की एका पंखावर कलंडतं आणि सरळ जमिनीत घुसतं. आधी संथ विमान, मग खाली पंख असलेलं, आणि त्यावर हात बसला की लढाऊ, हा त्यातला क्रम. अजून दोनेक हंगाम तरी त्यात गेले असते. अण्णांकडे तेवढे हंगाम नव्हते. हे मी कुणापाशी बोललो नाही, पण रात्रंदिवस तेच डोक्यात होतं आणि त्याची भीती वाटत होती.

शेवटी फोनवरचे फोटो घेऊन त्यांच्याच खाटेवर बसलो. त्यांनी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि विचारलं, "तुहा हात किती बसलाय?"

मी चिडलो. हे सगळं तुमच्यासाठी चाललंय, हाताचं माझं मी बघतो, तुम्ही आवडेल ते सांगा, असं म्हणालो. माझा आवाज चढलेला मलाच ऐकू आला.

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "आवडायला हार्वर्ड आवडतंय. पण ते तुला उतरवता येणार न्हाई. आम्ही जमिनीवरचे माणसं, बाबा. इमान वर गेलं की आमचा जीव टांगणीला. ते खाली आलं, चाकाला ठोकळा लागला, मंग आमचा चहा. मला उडालेलं लै दिसलंय. मला उतरलेलं बघायचंय. तुला बराबर उतरवता येईल तेच घे."

मग आम्ही तसंच निवडलं. परदेशातल्या एका जुन्या शिकाऊ लढाऊ विमानाची फोमची प्रतिकृती. पंख खालीच, पण जाड. चाकं लांब लांब आणि तिसरं चाक नाकाखाली, म्हणजे उतरताना तोंडावर पडायची धास्ती कमी. मला ते गोबरं दिसलं आणि मनातून मी नाराजच होतो. अण्णांनी स्वतःच्या हाताने त्याला पिवळा रंग दिला. त्यासाठी बाभळीचे दोन इवलेसे ठोकळेही तासले.

सोयाबीन निघाल्यावर मी रानाच्या एका पट्टीला वखराची पाळी दिली, वरून फळी फिरवली आणि भेगा बुजवून जमीन सारखी केली. अण्णांना तिथे नेऊन खुर्चीत बसवलं. तीर्थपुरीहून आत्याही आली होती. ही अण्णांची थोरली बहीण, आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. मी रिमोट तपासत होतो तेवढ्यात तिने विमानाला हळद-कुंकू वाहिलं आणि काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवून एक चांगलं टपोरं लिंबू शेपटीखाली करकचून बांधलं.

विमानाची शेपूट जड झाली की ते हातात राहत नाही. नाक वर करतं आणि दगडासारखं पडतं. मी तडकून म्हणालो, "आत्या, हा काय ट्रॅक्टर आहे का?" आणि दोरा तोडायला कात्री मागितली. आत्याने पदर तोंडाला लावला.

अण्णांनी माझं मनगट धरलं. त्या हातात काही जोर उरला नव्हता, तरी मी थांबलो.

"राहू दे. मला कुणाची नजर लागायची ती लागली, आता हिला तेवढंच करता येतंय. तोल आपण साधू."

त्यांनी दोन बोटांची टोकं पंखांखाली लावून विमान उचललं. शेपूट लगेच खाली गेली. त्यांनी बॅटरी जाईल तेवढी पुढे सरकवायला लावली. पुन्हा उचललं, शेपूट अजून झुकतच होती. मग त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून आपला छोटा पाना काढला. तो नोकरीपासून त्यांच्याजवळ होता, त्याला आम्हा भावंडांना कधी हात लावू दिला नव्हता. तो त्यांनी नाकाच्या पोकळीत चिकटपट्टीने बसवला. आता विमान दोन बोटांवर सरळ तोलून राहिलं.

"हां. जाऊ दे," ते म्हणाले.

ते उडालं. मी फार काही केलं नाही, रुंद वळणं घेत रानावर चकरा मारल्या. उतरवताना ते एकदा उसळलं. मग ते तिन्ही चाकांवर बसलं आणि धूळ उडवत पट्टीच्या टोकाला जाऊन थांबलं. अण्णा आत्याच्या खांद्याचा आधार घेत तिथवर चालत गेले. मोठ्या कष्टाने खाली बसले, चाकाच्या पुढे एक आणि मागे एक असे ते बाभळीचे ठोकळे लावले आणि म्हणाले, "आता चहा टाका." त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

संक्रांतीच्या आधीच अण्णा गेले.

उन्हाळ्यात एकदा मी विमान माळ्यावरून काढलं. आत्या आमच्याकडेच होती, ओसरीवर गहू निवडत बसली होती. अण्णांनी शिकवलं तसं मी दोन बोटांवर विमान उचललं, तर या वेळी नाक खाली गेलं. मी शेपूट उलटी करून बघितली. लिंबू सुकून सुपारीएवढं टणक झालं होतं, त्यात वजन असं काही उरलंच नव्हतं. पाना मात्र नाकात होता तसाच होता.

पाना काढला असता तर काम मिनिटात झालं असतं. मी चिकटपट्टीचं टोक नखाने उचललंसुद्धा, आणि पुन्हा दाबून बसवलं.

मी विमान घेऊन ओसरीवर गेलो. ते बघून आत्याने मान खाली घातली, कारण मी तिच्यावर तडकलो त्या दिवसानंतर तिने त्याच्याजवळ जायचं सोडलं होतं.

"आत्या," मी म्हणालो, "एक टपोरं लिंबू आण. तूच बांध."