दोन ‘ऱ्हायना’

शाळेत मला मराठी शिकवणाऱ्या बाई निवृत्तीनंतर खांडबाऱ्याला राहायला गेल्या. बाजाराला येणाऱ्या म्हाताऱ्या बायांना ओट्यावर बसवून, चहा पाजून, त्या त्यांच्याकडून अहिराणी गोष्टी ऐकायच्या आणि घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या. गेल्या हिवाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला त्या लेकीकडे सुरतला गेल्या. पट्टी निघाल्यावर महिनाभर तिथेच होत्या, आणि स्वस्थ बसवत नाही म्हणून त्यांनी तीच फाईल मोबाईलवर घेऊन दुरुस्त्या केल्या. घरी परतल्यावर मात्र गोंधळ झाला. घरच्या फाईलमध्ये काही जुन्या दुरुस्त्या होत्या, मोबाईलमधल्या फाईलमध्ये नव्या. कुठे काय बदललंय हेच कळेना.

त्यांनी मला फोन केला. मी नवापूरला घरीच बसून सुरतच्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहितो. अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान खाली आणि माझं टेबल माळ्यावर. दोन फाईली ओळीला ओळ लावून तपासणारा एक छोटा प्रोग्राम मी पूर्वी हौसेनं लिहिला होता. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, की वेगळ्या निघालेल्या ओळींच्या जोड्या तो एकाखाली एक छापतो. काही अनोळखी लोकही तो वापरतात, याचा मला जरा जास्तच अभिमान होता. बाईंनी दोन्ही फाईली पाठवल्या, मी प्रोग्राम चालवला आणि निकाल न वाचताच त्यांना पाठवून दिला. त्यांनी तो झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. बऱ्याच जोड्यांमध्ये काहीच फरक दिसत नाही, म्हणाल्या. मी कामात होतो. फरक असल्याशिवाय मशीन दाखवणार नाही, नीट बघा, असं मी सांगून टाकलं. त्यांनी भिंग घेतलं. दुपारच्या उन्हात ओट्यावर बसून एकेक अक्षर पाहिलं. शनिवारी परत फोन केला तेव्हा आवाज अगदी शांत होता.

“मन्हा डोया गयात, भाऊ,” त्या म्हणाल्या. “तू म्हणस फरक शे. माले दोन्ही वळी एकच दिसतस.”

ऑपरेशन फसलं, अशी त्यांची खात्री झाली होती. लेकीला त्यांनी कळवलं नव्हतं. सोमवारच्या गाडीनं एकट्याच सुरतला डॉक्टरकडे जाणार होत्या. मी काहीतरी धीराचं बोललो आणि जेवायला खाली आलो. अब्बांना सगळं सांगितलं. ते एका मशीनची सुई बदलत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, की त्या ओळी तू स्वतः पाहिल्यास का? पाहिल्या नव्हत्या. गिऱ्हाईक म्हणतं टाका सुटतो, तर आधी आपण कापड घालून बघावं, एवढंच ते म्हणाले.

जेवण तसंच ठेवून मी वर गेलो. निकाल उघडला. पहिलीच जोडी होती: ‘म्हातारी दयन दयी ऱ्हायनी’, म्हणजे म्हातारी दळण दळते आहे, आणि तिच्याखाली पुन्हा ‘म्हातारी दयन दयी ऱ्हायनी’. मलाही काही फरक दिसेना. माझे डोळे तर शाबूत होते. दोन दिवस एक बाई माझ्या शब्दावर विश्वास ठेवून उन्हात भिंग घेऊन बसली होती.

आधी वाटलं, ओळीच्या शेवटी न दिसणाऱ्या मोकळ्या जागा राहिल्या असतील. त्या काढून पाहिल्या; जोड्या जशाच्या तशा. मग मी दोन्ही ओळींतल्या प्रत्येक अक्षरामागचा आकडा छापून घेतला. कॉम्प्युटर अक्षर नव्हे, आकडाच ओळखतो. रविवारी सकाळी ते आकडे बोटानं मोजत गेलो आणि ‘ऱ्हायनी’पाशी अडलो. मोबाईल फाईल साठवताना प्रत्येक ‘ऱ’ एकच अक्षर म्हणून लिहीत होता. घरचा की-बोर्ड आधी ‘र’ लिहून त्याला खाली टिंब जोडत होता. जोडाक्षरात ते टिंब लपतं, त्यामुळे पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच उमटत. माझा प्रोग्राम आकडे वेगळे दिसले की ओळ वेगळी ठरवत होता. आणि अहिराणीत ‘ऱ्हायना’, ‘ऱ्हायनी’ हे तर पावलापावलाला येतं.

घाईत मी ते टिंबच वगळून ‘ऱ’ आणि ‘र’ एकच धरायचं ठरवलं. निकाल एकदम छोटा झाला. पण पडताळून पाहिलं, तर जिथे बाईंनी चुकीचं ‘र्हायना’ खोडून ‘ऱ्हायना’ केलं होतं त्या खऱ्या दुरुस्त्याही गडप झाल्या होत्या. ते पुसून टाकलं. तुलना करण्याआधी दोन्ही फाईलींतली अक्षरं एकाच पद्धतीत बदलून घ्यायची, अशी दुरुस्ती केली. आता उरलेली प्रत्येक जोडी मी स्वतः वाचली. प्रत्येकीत फरक होता, आणि तो मला दिसत होता.

फोनवर सांगावंसं वाटेना. कागद छापून घेतले, मोटारसायकल काढली आणि दुपारी खांडबारा गाठलं. बाईंच्या दारातच पिशवी भरून ठेवलेली होती. मी आत जाऊन आधी कागद त्यांच्या हातात दिले आणि फरक दाखवा म्हटलं. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. भिंगाशिवाय. चौथ्या ओळीला त्यांचं बोट थांबलं.

“डोळे ठीक आहेत, बाई. चूक माझ्या प्रोग्रामची होती,” मी म्हणालो. “मी न बघता बोललो.”

त्यांनी पदरानं चष्मा पुसला, परत लावला, आणि खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचून पाहिली. मग रागावल्या, पण शाळेतल्यासारख्या. उत्तर लिहिल्यावर एकदा वाचून बघावं हे किती वेळा शिकवलं होतं, असं म्हणाल्या. मी मान डोलावली. तो राग मला हवाच होता.

पुढे पुन्हा असं होऊ नये म्हणून प्रोग्राममध्ये कायमची एक चाचणी ठेवायची होती. दोन्ही पद्धतींनी लिहून तपासता येईल असं ‘ऱ्ह’ असलेलं एक वाक्य मी त्यांच्याकडे मागितलं. त्यांनी क्षणभर विचार केला.

“लिख,” त्या म्हणाल्या. “बाई हासी ऱ्हायनी.”

मग त्यांनी पिशवीतले कपडे काढून दोरीवर टाकले आणि डाळ-भात वाढला. कालपासून मी धड जेवलो नव्हतो. तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा त्या समोर बसून गोष्टीतल्या म्हातारीचा एक शब्द ‘दयन’च ठेवावा की ‘दळण’ करावा, यावर माझ्याशी वाद घालत होत्या.